मोरीच्या पाण्याचे सुभेदार

आमच्या सोसायटीत सकाळी जिन्यात कुणी भेटलं तर लोक 'चहा झाला का' असं विचारतात. सुभेदारकाका 'आंघोळ झाली का' असं विचारतात. तेवढ्यावर थांबले तरी चाललं असतं, पण त्यांचा लगेच दुसरा प्रश्न येतो, "बादलीनं का शॉवरनं?"

आम्ही इथं राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे आमच्या ह्यांना विचारलं. आमचे हे कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतात. बोलणं बेताचं, लाजणं भरपूर. त्यांनी खाली मान घालून 'बादलीनं' असं सांगितलं. काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास. अन् शॉवरनं केली तरी हरकत न्हाई. पाणी जाऊन जाऊन जाणार कुठं? शेवटी माझ्याकडंच येणार हाय. कोई शक?"

हे घरात आले आणि मला म्हणाले, समोरचे म्हातारे जरा वेगळेच आहेत, दाराला कडी लावत जा.

त्याचा उलगडा पुढं झाला. आमची सोसायटी माधवनगरहून कुपवाडला जाताना लागते. बिल्डरनं इमारतींच्या मागं सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या बांधल्या होत्या. सरकारी नियमापुरत्या. फ्लॅट विकले गेल्यावर टाक्या बंद पडल्या आणि तिथं डासांनी संसार थाटला. सुभेदार तातोबा खोत सैन्यातून निवृत्त होऊन इथं आले, त्यांनी नाक धरून त्या टाक्यांभोवती एक फेरी मारली आणि वॉचमनकडून किल्ली मागून घेतली. ती पुन्हा कुणाला मिळाली नाही.

काका मूळचे साताऱ्याकडचे, माण भागातले. तिकडं पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी घरातला माणूस हंड्यात डोकावून बघतो. असल्या गावचा माणूस डोळ्यांसमोरून फुकट वाहून जाणारं पाणी कसं बघेल? नोकरीत असताना त्यांनी कुठल्याशा छावणीत वापरलेलं पाणी शुद्ध करून भाजीच्या मळ्याला घातलेलं पाहिलं होतं. त्यांनी मोटारी दुरुस्त करून घेतल्या, टाक्या उपसल्या, शेवटच्या टाकीत मासे सोडले आणि मागच्या पडीक पट्टीत मळा उभा केला. वांगी, भेंडी, दोडके, कारली. कच्चं खायचं काही लावायचं नाही, हा त्यांचा नियम. पाणी नळीतून थेट मुळाशी. काकडी नाही, मुळा नाही, कोथिंबिरीची काडी नाही.

टाकीतली घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे जिवाणू असतात. काका त्यांना 'जवान' म्हणतात. माझी आणि काकांची ओळख या जवानांवरूनच झाली.

मी डबे करते. कुपवाडच्या कारखान्यांत कामाला आलेली, खोल्या करून राहणारी माणसं माझी गिऱ्हाइकं. रोजच्या स्वयंपाकात तळण असतं, आणि कढया धुतल्या की तेल मोरीत जातं. एके दिवशी दारावर टकटक झाली. काका उभे. हातात झाकणाचा रंगाचा रिकामा डबा.

"सूनबाई, तुमच्या तेलानं माझं जवान गुदमरल्यात," ते म्हणाले. "सकाळधरनं हवा सोडतोय, पर तोंड वर काढंनात. आजपास्नं खरकटं तेल ह्या डब्यात. मोरीत न्हाई."

मी बघतच राहिले. सोसायटीत एवढ्या मोऱ्या, पण माझ्या कढईचा माग काढत कुणी दारापर्यंत येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण काकांना पाण्यावरून सगळं कळतं. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणी जास्तीची पावडर टाकून कपडे धुतले, कुणी संडासात ॲसिड ओतलं. ॲसिड ओतणाऱ्याच्या दारात जाऊन ते शोक व्यक्त करतात. एकदा त्यांनी खाली नोटीस फळ्यावर लिहिलं की बी विंगमधल्या कुणीतरी केसांना काळा रंग लावला आहे, कृपया जवानांचा विचार करावा. त्या आठवड्यात बी विंगची सगळी पुरुषमंडळी एकमेकांची डोकी न्याहाळत होती. आमचे चेअरमन चौगुले अण्णा बी विंगमध्ये राहतात. सांगलीच्या पेठेत त्यांचा हळदीचा व्यापार. महिन्याभरात अण्णांचे केस हळूहळू पांढरे झाले आणि तेव्हापासून अण्णा आणि काका यांचं जरा बिनसलं.

दिवाळीत आणि मे महिन्यात निम्मी सोसायटी गावाला जाते. मोऱ्या कोरड्या पडतात आणि जवान उपाशी राहतात. अशा वेळी काका टाकीत गूळ कालवतात. एका दिवाळीत ते सांगलीच्या बाजारात गूळ आणायला गेले. व्यापाऱ्यानं विचारलं, घरच्यासाठी का? काका म्हणाले, "न्हाई, जवानांसाठी. सणासुदीचं उपाशी हायत." व्यापारी गादीवरून उठला, त्यानं एक ढेप आपल्यातर्फे वर ठेवली आणि हात जोडले. काकांनीही कडक सॅल्यूट ठोकला. त्यांच्या दृष्टीनं त्यात काहीच खोटं नव्हतं.

आता एवढं सगळं करून पिकवलेली भाजी सोसायटीनं आनंदानं खावी की नाही? कुणी खात नव्हतं. काका रोज सकाळी एकेका दाराच्या कडीला पिशवी अडकवून जात. लोक तोंडावर 'वा वा' म्हणत आणि पिशवी गुपचूप कामवाल्या मावशींना देत. मावशी ती कोपऱ्यावरच्या म्हशीला घालत. म्हैस मात्र चांगली सुधारली होती. मीही भाजी घेत नव्हते. माझ्या डब्यात वांगी म्हणजे मंडईतली, कृष्णाकाठची.

काकांच्या घरी ती भाजी रोज व्हायची. काकांची बायको, हिराकाकी, दुसऱ्या मजल्यावर असतात. गुडघ्यांनी जाम झालेल्या, म्हणून खाली क्वचितच येतात. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि वरून मळ्याकडं बघत शेंगा सोलतात. त्यांच्या हाताला चव अशी की एकदा त्यांनी वाटीभर भरलं वांगं माझ्याकडं पाठवलं, मी कुठल्या पाण्याचं ते विचारायचं विसरले आणि वाटी पुसून खाल्ली. मग आठवलं. मग म्हटलं, आता आठवून काय उपयोग?

त्या वर्षी पाऊस लांबला आणि मंडईतल्या वांग्यांना हात लावायची सोय राहिली नाही. आठवड्यातून दोनदा वांगं नसलं तर माझी गिऱ्हाइकं कुरकुरतात. शेवटी मी काकांकडं गेले आणि म्हटलं, तुमची वांगी द्या, डब्यात घालते. मला वाटलं, म्हातारा आनंदानं नाचेल. ते उलट गंभीर झाले.

"देतो. पर चोरून खायाला घालायचं न्हाई. सांगून घालायचं. लपवलं की त्ये गटार हुतंय, सांगितलं की पाणी."

मी सांगितलं. डबे पोचवायला हे जातात, त्यांच्याकडून निरोप धाडला की आजची वांगी आमच्या सोसायटीतल्या शुद्ध केलेल्या पाण्यावरची आहेत, चांगली आहेत, निर्धास्त खा. संध्याकाळी डबे परत आले. भाकरी संपलेली, आमटी संपलेली, वांगी जशीच्या तशी. माझ्या गिऱ्हाइकांचा पुढारी म्हणजे दत्ता, जतकडचा, फाउंड्रीत कामाला. त्यानं ह्यांना सांगून पाठवलं होतं की वहिनींना म्हणावं, कृष्णाकाठची वांगी सोडून गटारकाठची कुठं चालू केली? पुढच्या दोन दिवसांत निम्मे डबे बंद झाले.

माझा जीव टांगणीला लागला. डबे हेच माझं स्वतःचं म्हणावं असं काम. एकदा गिऱ्हाइक मेसकडं वळलं की परत येत नाही. मी काकांकडं गेले आणि रागानं जे तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या खरेपणानं माझी चूल विझायची वेळ आली, असंही म्हणाले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत गेले. बाहेर आले ते कोट घालून, छातीवर सगळी पदकं लावून. आमच्या ह्यांना म्हणाले, "गाडी काढा."

पुढचं ह्यांनी सांगितलेलं. जेवणाच्या सुट्टीत फाउंड्रीच्या गेटवर गाडीवरून पदकं खणखणवत एक म्हातारा उतरला, तेव्हा आतला सुपरवायझर उगाचच सावधान उभा राहिला. काकांनी दत्ताला आणि बाकीच्यांना बोलावून घेतलं. वाद घातला नाही. एवढंच सांगितलं की रविवारी सगळ्यांनी आमच्या सोसायटीत यायचं, इन्स्पेक्शन आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, नाकानं वास घ्यायचा आणि मग गटार म्हणायचं. नंतर जेवण आहे. दत्तानं मला पुढं कबूल केलं की ते सगळे जेवण या शब्दावर आले होते.

रविवारी काकांनी मळा लग्नघरासारखा सजवला आणि स्वतः पुन्हा तोच पदकांचा कोट चढवला. टाक्यांच्या कठड्याला चुना, पायवाटेला पाणी. हिराकाकींनाही खाली आणलं होतं. एका बाजूनं काका, एका बाजूनं मी, एकेक पायरी थांबत थांबत. वांगी काकींनीच केली होती, मी हाताखाली. गर्दी बघून चौगुले अण्णाही खाली आले. त्यांना ती पट्टी पार्किंगसाठी हवी होती, त्यामुळं मळ्याचं काही वाकडं होतंय का हे बघायला ते कायम तयार असत.

काकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. पहिली टाकी दाखवून म्हणाले, हे भरतीचं केंद्र, इथं येईल तसला माल येतो, वास घेऊ नका. दुसरी टाकी म्हणजे ट्रेनिंग, इथं जवान त्याला घासून पुसून सरळ करतात. मग वाळूची गाळणी. आणि शेवटच्या टाकीत पासिंग आउट. दत्ता वाकून वाकून त्या शेवटच्या पाण्याचा वास घेत होता. वास काहीच येईना तेव्हा त्याचा चेहरा पडला. त्यानं मग हुकमाचं पान काढलं आणि विचारलं, काका, एवढं स्वच्छ आहे तर तुम्ही हे पिऊन दाखवाल का?

"बूट पायात घालायचा असतोय, चाटून बघायचा नसतोय," काका म्हणाले. "हे पाणी मुळाला द्यायचं. वांगं तोडायचं, धुवायचं, शिजवायचं, खायचं. कोई शक?"

सगळे हसले, दत्ताही हसला, आणि पंगत बसली. भाकरी, आमटी, ठेचा आणि शेंगदाण्याच्या कुटातली, तेलाचा तवंग आलेली भरली वांगी. वासानंच अर्धी लढाई जिंकली होती. काकाही पंगतीत बसले. दत्तानं भाकरीचा तुकडा मोडला, वांग्यावर दाबला, आणि तेवढ्यात चौगुले अण्णांचा आवाज आला.

"सुभेदार, तुमच्या पानात वांगं दिसत नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. खरंच नव्हतं. भाकरी होती, आमटी होती, ठेचा होता. वांग्याची जागा मोकळी.

"मला चालत न्हाई," काका म्हणाले.

अण्णांनी शांतपणे विचारलं की पित्त होतं का. काका 'न्हाई' म्हणाले. मग काय होतं? टाक्यांपुढं तासभर खडाखडा बोललेला माणूस पानाकडं बघत राहिला. दत्तानं हातातला घास खाली ठेवला. त्याच्या शेजारच्यानं ठेवला. पिकवणाराच खात नाही म्हटल्यावर कोण खाणार? मी हातात भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होते, आणि माझे उरलेले डबेही डोळ्यांदेखत निघाले होते.

खुर्चीत बसलेल्या हिराकाकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आवं अण्णा, त्ये खात न्हाईत असं न्हाई. मी वाढत न्हाई," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नंची गोष्ट हाय. सांगू का?" हे त्यांनी काकांना विचारलं. उत्तराची वाट न बघता काकींनी सांगितली.

लग्न नवं होतं. नवरा सीमेवर, काकी माणच्या घरी सासूसासऱ्यांजवळ. गावात दुष्काळ. काकी टेकडीपलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत. आणलेल्या पाण्यातला थेंबही वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मोरीच्या पाण्याला चर काढून दिली आणि तिच्या तोंडाशी वांग्याची चार रोपं लावली. आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्यावर रोपं तगली. गावात कुणाच्या दारी हिरवं पान नव्हतं तेव्हा त्यांच्या मोरीमागं वांगी लागली. नवरा सुट्टीवर येणार म्हणून काकींनी ती राखून ठेवली. सासूलाही हात लावू दिला नाही.

नवरा आला तो सैन्यात नुकताच आरोग्य आणि स्वच्छतेचा कोर्स करून. पहिल्या जेवणाला काकींनी भरलं वांगं वाढलं. त्यानं घास घेण्याआधी विचारलं, एवढ्या दुष्काळात वांगी कुठली? काकींनी मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"ह्येंनी ताट सारलं," काकी म्हणाल्या. "म्हणालं, गटार खायाला घालतीस व्हय? अन् मग सासऱ्याफुडं, जंतू कसं असत्यात त्येच्यावर भाषाण."

दत्ता हळूच माझ्याकडं बघून खाली बघायला लागला.

"मी ताट उचललं. अन् तवाच ठरीवलं. ह्या माणसानं तोंडानं मागितल्याबिगर त्येच्या पानात वांगं वाढायचं न्हाई."

"मग काकांनी मागितलंच न्हाई?" दत्तानं विचारलं.

"मिल्ट्रीचा गडी हाय. माघार घेतूय व्हय?"

पंगत अशी हसली की वरच्या गॅलऱ्यांत लोक बाहेर आले. अण्णासुद्धा पोट धरून हसत होते. काका तेवढे हसत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. हसणं हळूहळू विरलं. तेव्हा काकांनी आपलं ताट दोन्ही हातांनी धरून काकींच्या खुर्चीकडं सरकवलं.

"वाढ," ते म्हणाले.

"काय वाढू?"

"वांगं."

"कुठल्या पाण्याचं?"

काकांनी एकदा सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. मग काकींकडं बघितलं.

"मोरीच्या."

काकींनी पातेलं जवळ ओढायला मला खूण केली. त्यातलं चांगलं मोठं वांगं निवडून त्यांनी ते काकांच्या ताटात ठेवलं, वर डावभर रस्सा घातला. काकांनी भाकरी मोडली आणि खाली मान घालून खाऊ लागले. वांगं देठापर्यंत संपलं, तेव्हा ते काकींना म्हणाले, "तवाबी असंच झालं असणार."

"तवा ह्याच्यापरास चांगलं झालं हुतं," काकी म्हणाल्या. "तवा मसाला पाट्यावर वाटला हुता. ह्यो मिक्सरचा हाय."

दत्तानं मग घास उचलला, आणि त्यानंतर पातेल्याचा तळ दिसेपर्यंत तो थांबला नाही. माझे डबे हळूहळू परत सुरू झाले. सगळे नाही, पण बरेचसे. दोघंतिघं अजून वांग्याच्या दिवशी मेसला जातात. अण्णांनी पार्किंगचा विषय सोडलेला नाही, फक्त आता ते तो काढतात तेव्हा हातात दोडक्याची पिशवी असते.

त्या दिवशी सगळे गेल्यावर काकींना वर पोचवून मी त्यांच्या मोरीत मोठं पातेलं घासायला बसले. तेल आधी कागदानं पुसून घेतलं. काकी दारात स्टुलावर टेकल्या होत्या. मी म्हटलं, काकी, एवढी वर्षं राग धरून ठेवलात, कमाल आहे तुमची.

"राग कुठला पोरी," त्या म्हणाल्या. "राग दोन दिसांत गेला. तिसऱ्या दिवशी मी पाण्याला गेलते. येऊन बघते तर मोरीमागच्या रोपांना मातीची आळी केल्याली, चरीला दगडं लावून नीट पाट केल्याला. बोललं काय न्हाई. फुडं दर सुट्टीला तसंच. गावात यायचं, ट्रंक उतरायची, अन् घरात पाय ठेवायच्या आधी मोरीमागं. सासू म्हणायची, पोरगं आलं का न्हाई अजून? मी म्हणायची, आलंय की."

"मग तुम्हीच एकदा वाढायचं होतं की."

काकींनी गॅलरीकडं मान वळवली. गॅलरीतून खालचा मळा दिसत होता. काकांनी कोट काढून कठड्यावर ठेवला होता आणि ते मातीत गुडघे टेकून, पंगतीत कुणाच्या तरी पायाखाली मोडलेलं एका रोपाचं आळं पुन्हा घालत होते.

"वाढलं असतं तर मिटलं असतं," काकी म्हणाल्या. "मग कशाला कोण आळी करत बसतंय?"

त्यांनी उठून गॅलरीत जाऊन हाक मारली, "आवं, पुरं करा आता. चहा टाकते, वर या."

काकांनी वर बघून मान हलवली. आळं पूर्ण झाल्यावर आले.